तिसरी उमज

बियाण्याच्या पिशवीला उगवणक्षमतेचं लेबल असतं. त्यावरचा आकडा माझा असतो आणि त्याखालची सही दुसऱ्या कुणाची तरी. एकोणीस वर्षं हे असंच चाललं आहे, आणि खरं सांगायचं तर पहिली बारा-तेरा वर्षं मला त्याचं काही वाटलंही नाही. पुढे वाटायला लागलं. वय झालं की माणसाला नको त्या गोष्टी दिसायला लागतात.

मी रत्नमाला गाढेकर. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत एका बीजतपासणी प्रयोगशाळेत साहाय्यक आहे. काम सांगायला सोपं. आलेल्या नमुन्यातून चारशे दाणे मोजायचे, पन्नास-पन्नास दाणे ओल्या जाड कागदावर ओळीनं मांडायचे, कागदाची गुंडाळी करायची आणि असे आठ रोल उगवणीच्या कपाटात उभे करून ठेवायचे. आठव्या दिवशी रोल उलगडून एकेक रोप बघायचं आणि ठरवायचं, हे सुदृढ, हे विकृत, हे मेलेलं. शेकडा किती सुदृढ, तो आकडा लेबलावर जातो. सोयाबीन सत्तरच्या खाली गेलं की सगळा लॉट नापास. मग ते बी राहत नाही, तेलाच्या गिरणीचा माल होतो.

दोन वर्षांपूर्वी मोजणीचा कॅमेरा आला. रोल उलगडून त्याच्याखाली धरला की तो पन्नास रोपं एका क्षणात मोजतो. अजून चुकतो, पण शिकतो आहे. आमच्या मालकांनी मला केबिनमध्ये बोलावून सरळ सांगितलं, "ताई, दोन-तीन वर्षांत मोजणाऱ्यांची जागाच राहणार नाही. राहील ती सही करणाऱ्याची. त्याला बीजतंत्रज्ञानातली एम.एस्सी. लागते. तुम्ही करून घ्या, खुर्ची तुमची. नाहीतर माझ्याही हातात काही नाही."

माझी बी.एस्सी. होती, वनस्पतिशास्त्राची, लग्नाआधीची. एम.एस्सी. आता घरबसल्या होते, दोन वर्षांची, चार सत्रांची. अडचण शुल्काची. एका सत्राचं शुल्क माझ्या दोन पगारांहून जास्त, आणि घरात दुसरा पगार परमेश्वरांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा. ते लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये क्रेन चालवतात. त्यांचा पगार मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणाला जातो, त्याला हात लावायचा नाही हे आमचं आधीच ठरलेलं. तेव्हा माझ्यासाठी एकच वाट उरली, उमज निधीची.

या निधीबद्दल थोडं सांगायला हवं.

पूर्वी शिष्यवृत्ती गुण बघून मिळायची. मग उत्तरपत्रिका यंत्रंच लिहायला लागली आणि गुणांना काही अर्थ राहिला नाही. उत्पन्नाचा दाखला बघावा, तर तो कसा मिळतो हे सगळ्यांना माहीत आहे. अशा वेळी मेंदूच्या अभ्यासकांनी एक जुनी गोष्ट नव्यानं कामाला लावली. आपला मेंदू सतत अंदाज बांधत असतो. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून आपण पाय टाकतो आणि ती नसते, तेव्हा काळजात जे धस्स होतं, ते अंदाज चुकल्यामुळे. प्रत्येक चुकलेल्या अंदाजाबरोबर मेंदूत एक लहर उठते, सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात. आणि त्या लहरीमागोमाग स्मरणाच्या भागातून एक संथ लय आली, तर ती गोष्ट पक्की बसते. लहर नुसतीच आली तर दचकणं. लय नुसतीच आली तर उजळणी. दोन्ही एकापाठोपाठ आल्या तर माणूस नवं काही शिकला.

हे मोजायला कपाळावरून कानामागे जाणारी एक पट्टी पुरते. चष्म्याच्या दांडीएवढी, वजन नाहीच. निधीनं म्हटलं, आम्हाला गुण नकोत, दाखले नकोत. पट्टी लावून व्याख्यान ऐका. जिथे लहर आणि लय दोन्ही मोठ्या दिसतील, तिथे यंत्र एक नोंद करील: या विद्यार्थ्याला अमुक गोष्ट उमजली. प्रत्येक विषयात सत्राला निदान तीन नोंदी झाल्या पाहिजेत. सत्र संपलं की सगळ्या नोंदींचा कागद येईल, तो वाचून खाली सही करायची, की शुल्क थेट विद्यापीठात जमा. खोटं बोलायला जागाच नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

मला ते फार पटलं होतं. शिकणाऱ्याला पैसे मिळावेत, इतकी साधी गोष्ट कुणाला सुचायला इतकी वर्षं का लागली, असंच वाटलं.

संख्याशास्त्रात माझ्या अकरा नोंदी झाल्या. जीवरसायनात नऊ. बावीस वर्षांनी पुस्तक उघडलेली बाई, माझी रोजच पायरी चुकत होती. आणि बीजतपासणी या विषयात, पंधरापैकी तेरा व्याख्यानं संपली तेव्हा नोंदी होत्या दोन.

सोबत सूचना आली होती: "विद्यार्थिनीचे या विषयाकडे लक्ष नाही असे दिसते. कृपया गांभीर्याने घ्यावे."

मी ती सूचना परमेश्वरांना वाचून दाखवली. ते सकाळच्या पाळीहून येऊन चहा पीत होते.

"म्हणजे तुला येतंय म्हणून पैशे देईनात?" ते म्हणाले.

"येतंय हे त्यांना कळत नाही. त्यांना एवढंच कळतं, की मी नवीन काही शिकत नाहीये."

"अन् ज्याला काहीच येत नाही त्याला देतेत."

"त्याला शिकायचंय ना."

"कमाल हाय बुवा. आमच्या मिलमध्ये असं केलं तर सगळ्या जुन्या लोकाला घरी पाठवावं लागंल." चहा संपवून ते उठले. "चल, तयार हो. बोराडे सराकडं जाऊन येऊ."

बोराडे सरांनी बसस्थानकाजवळ "उमज क्लासेस" काढले होते. महाराष्ट्रात परीक्षा कशाचीही असो, तिचा क्लास सहा महिन्यांत निघतोच. एका खोलीत वीस-बावीस मुलं कपाळाला पट्ट्या लावून बसली होती आणि सर त्यांना आश्चर्य शिकवत होते.

"आश्चर्य ही कला आहे, ताई," सर मला म्हणाले. "चेहऱ्यावर नाही, मेंदूत दिसलं पाहिजे. व्याख्यानात महत्त्वाचं वाक्य आलं, की आपण जिभेवर मिरची ठेवायची. लहर येते. लगेच डोळे मिटून ते वाक्य तीनदा घोळवायचं. लय येते. झाली नोंद."

"आणि मिरचीची सवय झाली तर?"

"मग बर्फ," सर गंभीरपणे म्हणाले.

मी घरी येऊन एकदा करून बघितलं, खोटं कशाला बोलू. डोळ्यांतून पाणी आलं, नाक वाहायला लागलं, आणि पट्टीनं नोंद केली: "वेदना. वैद्यकीय मदत हवी आहे का?" मुलीनं फोनवर ऐकलं आणि ती इतकी हसली, की तिच्या वसतिगृहातल्या मैत्रिणी गोळा झाल्या. क्लासच्या नावानं मी कानाला खडा लावला.

प्रयोगशाळेत सही करतात गौरी देवळाणकर मॅडम. वय सत्तावीस. हुशार, नीटनेटकी मुलगी, माझ्याच विद्यापीठातून तीन वर्षांपूर्वी पदवी घेतलेली. मला ताई म्हणतात, मी त्यांना मॅडम म्हणते, आणि दोघींनाही त्यात जरा अवघडल्यासारखं होतं. त्यांना मी अडचण सांगितली.

"मला त्या विषयात एकोणीस नोंदी होत्या," त्या म्हणाल्या आणि लगेच ओशाळल्या. "म्हणजे, मी आधी कधी रोल बघितलाच नव्हता ना."

"मग मी काय करू? विसरू?"

"विसरता येईल का थोडं?"

आम्ही दोघी हसलो. पण घरी जाताना मला रडू आलं. एकोणीस वर्षं जे हाताला लागलं, तेच आडवं येत होतं, आणि ते कुणाला सांगायचं म्हटलं तर हसू येण्यासारखंच होतं.

चौदावं व्याख्यान विकृत रोपांवर होतं. डॉ. शेंबेकर शिकवतात, साठीकडे आलेले, आवाज शांत, फळ्यावर अक्षर सुंदर. मी कणीक मळता मळता ऐकत होते. मुद्दाम. हात कामात असले की कंटाळा कमी येतो.

"हे छायाचित्र बघा," सर म्हणाले. "सोयाबीन. मुळं आधी एका दिशेनं गेली आहेत आणि मग आकड्यासारखी वळून उलटी फिरली आहेत. खाली कुठे आणि वर कुठे हे ज्या रोपाला कळत नाही ते विकृत. असा रोल आला तर सरळ विकृतांत मोजायचा."

मी पडद्याकडे बघितलं आणि माझे हात परातीत तसेच राहिले.

पन्नास रोपं होती. पन्नासही एकाच जागी वळलेली होती, दाण्यापासून साधारण तीन बोटांवर, एका रेषेत. विकृती अशी नसते. एकाचं मूळ खुरटतं, दुसऱ्याचं चिरतं, तिसऱ्याला पालाच फुटत नाही. पन्नास रोपांना एकाच दिवशी एकच खोड लागत नाही. तिथे खोड रोल हाताळणाऱ्या हाताची असते.

पट्टी कानामागे हलकेच थरथरली. नोंद झाल्याची ती खूण.

रात्रीच्या स्वयंपाकाआधी निधीचा निरोप आला. अभिनंदन, बीजतपासणीत तिसरी नोंद झाली, आजवरची सगळ्यात मोठी. परमेश्वर जिलबी घेऊन आले. सत्र संपायला आठवडा होता, पण तीन नोंदी झाल्यामुळे कागदही सोबत आला होता. मी जिलबीचा हात पुसून तो वाचायला घेतला. सगळ्यात शेवटी लिहिलं होतं: "आकड्यासारखे वळलेले मूळ म्हणजे विकृत रोप, हे विद्यार्थिनीस उमजले आहे." खाली चौकट: वरील सर्व नोंदी मला मान्य आहेत. सही.

लहर आली होती हे खरं. लयही आली असणार, कारण ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. पण अंदाज माझा चुकला नव्हता, सरांचा चुकला होता. मी चुकले आणि तुम्ही चुकलात, या दोन धक्क्यांतला फरक पट्टीला कळत नव्हता. ज्या लोकांनी ती बनवली, त्यांच्या मनातच आलं नसेल, की विद्यार्थ्याला शिक्षकापेक्षा वेगळं काही ठाऊक असू शकतं.

मी निधीच्या कार्यालयात फोन केला. काझी मॅडम म्हणून अधिकारी होत्या, बोलायला चांगल्या.

"एक नोंद खोडता येते," त्या म्हणाल्या. "पण मग तुमच्या दोनच राहतील, आणि दोनवर शुल्क देता येत नाही. सत्र संपलं की प्रवेशच रद्द होतो. विचार करून कळवा. घाई नाही, आठवडा आहे."

"पण नोंद चुकीची आहे."

"असेल, ताई. पण यंत्र म्हणतं तुम्ही शिकलात. तुम्ही म्हणता शिकले नाही. असं म्हणणारी पहिलीच व्यक्ती तुम्ही. मी काय लिहू?"

परमेश्वर समोरच बसले होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "सही करून टाक. तुझ्या एकटीच्या सहीनं कोणाचं काय वाकडं व्हायलंय?"

मी तो कागद बाजूला ठेवला. मग जे एकोणीस वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं, ते सांगितलं.

नोकरीला लागून मला चारच महिने झाले होते. रोलवर नमुन्याचा नंबर वरच्या टोकाला लिहायचा असतो. मी एका नमुन्याच्या आठही रोलांवर तो खालच्या टोकाला लिहिला, आणि कपाटात ठेवताना नंबर वर दिसावा म्हणून रोल उलटे उभे केले. नवखं असलं की हे होतं. शुक्रवारी ठेवले, सोमवारी लक्षात आलं. तेव्हा काही बिघडलेलंही नव्हतं. मूळ कुठूनही खालीच जातं, ते उलट्या रोलमध्येही खालीच गेलं असतं. पण मी घाबरले आणि कुणी बघायच्या आत गुपचूप ते सुलटे करून ठेवले. झालं, जी मुळं तीन दिवस खाली चालली होती, ती एकदम वर झाली, आणि बिचारी सगळी एकाच जागी वळून पुन्हा खाली निघाली. आठव्या दिवशी तेव्हाच्या साहेबांनी कागदावर माझा आकडा बघितला, शेकडा ऐंशी विकृत, आणि सही केली. टेबलापाशी आले नाहीत. लॉट नापास झाला.

"तो माल ज्यांचा होता त्या बाई स्वतः आल्या होत्या," मी म्हणाले. "वर्षभर शेतात उभं राहून, वेगळ्या जातीचं एकेक झाड उपटून बी तयार केलं होतं त्यांनी. मला म्हणाल्या, बाई, माझं बी असं कसं निघालं गं, सांग की. मी म्हटलं, असतं एखाद्या वर्षी. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. उलटे ठेवले त्याचं मला काही वाटत नाही हो. सुलटे केले आणि बोलले नाही, त्याचं वाटतं."

परमेश्वरांनी जिलबीचा पुडा बांधून फळीवर ठेवला.

"मंग नको करू सही," ते म्हणाले. "पोरीच्या पैशाला हात लावायचा नाही, ते खरंच. पर नोकरी गेली तर गेली. दोघं मिळून बघू काय करायचं ते."

दुसऱ्या दिवशी मी गौरी मॅडमना ते छायाचित्र दाखवलं. त्यांना कारण सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला.

"ताई, मलाही हेच शिकवलं होतं. हाच फोटो. गेल्या तीन वर्षांत अशा दोन रोलांचे फोटो आले होते आपल्या दुसऱ्या एका शाखेकडून फेरतपासणीला. मी विकृतांत धरून सही केली." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही हे कसं ओळखलंत?"

मी सांगितलं. सगळं. त्या ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, "सही तेव्हाच्या साहेबांची होती ना? तेही टेबलापाशी आले नव्हते." आणि त्या मानेनंच नाही नाही करत केबिनमध्ये गेल्या. त्या दिवसापासून त्या सकाळी साडेनऊला माझ्या टेबलाशी येऊन बसतात आणि रोल उलगडतात. सांगितलं कुणीच नव्हतं.

मी दोन रोल लावले. सोयाबीनचे पन्नास-पन्नास दाणे, एकाच नमुन्यातले. एक नेहमीसारखा. दुसरा उलटा उभा केला आणि दोन दिवसांनी सुलटा करून ठेवला. पाचव्या दिवशी, शनिवारी, शेंबेकर सरांचा शंका विचारायचा तास होता. सत्राचा शेवटचाच; पंधरावं व्याख्यान मध्ये होऊन गेलं, त्यात नोंद झाली नव्हती. पट्टी त्यातही लावायची असते, तो तासही व्याख्यानासारखाच धरला जातो. चारशे विद्यार्थी पडद्यावर छोट्या छोट्या चौकटींत बसले होते. मी हात वर केला.

"सर, चौदाव्या व्याख्यानातलं चित्र चुकीचं आहे."

पुढचं वाक्य मी पाठ करून ठेवलं होतं ते विसरलेच, त्यामुळे सरळ दोन्ही रोल उलगडून कॅमेऱ्यासमोर धरले. एकात मुळं सरळ. दुसऱ्यात तोच आकडा, तीच रेषा.

"हे एकाच पिशवीतलं बी आहे सर. यात विकृत काही नाही. तुमच्या चित्रातला रोल कुणीतरी आधी उलटा ठेवला आणि नंतर न सांगता सुलटा केला."

"हे तुम्ही ठामपणे कसं म्हणू शकता?" सरांनी विचारलं. रागानं नाही, पण विद्यार्थ्याला विचारतात तसंच.

"कारण ही चूक मी केलेली आहे. आणि माझ्या चुकीमुळे एका बाईंचं चांगलं बी नापास झालेलं आहे."

सरांनी चष्मा काढला आणि आपलं जुनं छायाचित्र पडद्यावर आणून जवळ जाऊन बघितलं. बराच वेळ बघितलं.

"एका रेषेत आहेत," ते हळूच म्हणाले. "नऊ वर्षं मी हे दाखवतोय. नऊ वर्षं मी एकेक मूळ बघितलं, ओळ बघितलीच नाही." ते आमच्याकडे वळले. "सगळ्यांनी लिहून घ्या. मी शिकवलं ते चूक होतं. हे व्याख्यान मी आज काढून टाकतो आणि पुन्हा देतो. ताई, तुमचं नाव?"

मी नाव सांगितलं. मला वाटलं, संपलं. तिसरी नोंद गेली, प्रवेश गेला, पण छातीवरचं ओझं उतरलं होतं. मी रोल गुंडाळायला घेतला.

"थांबा, गुंडाळू नका," सर म्हणाले. "तुमच्या उलट्या रोलमध्ये डाव्या बाजूची तीन मुळं वळलेली नाहीत. ती सरळ वरच चालली आहेत. ती का?"

मी बघितलं. खरंच तीन मुळं वर गेली होती.

"असतात सर अशी दोन-चार. ती आम्ही विकृतांत मोजतो."

"मोजता, बरोबर. पण का? बाकीच्या सत्तेचाळीसांना कसं कळलं, की आता खाली दुसरीकडे आहे?"

एकोणीस वर्षं. रोज चारशे तरी मुळं. लाखो मुळं माझ्या बोटांखालून गेली असतील आणि प्रत्येक मूळ खाली जातं, हे मी सूर्य उगवतो तितक्या सहज धरून चालले होते. त्याला कसं कळतं, हे मी कधी विचारलंच नव्हतं. मातीच्या आत काळोख. त्याला डोळे नाहीत. त्याला कोण सांगतं?

"माहीत नाही सर," मी म्हणाले.

"भिंग आहे जवळ? त्या तिघांची टोकं बघा. मग एका वळलेल्याचं बघा."

मी भिंग लावलं. वळलेल्या मुळाच्या टोकावर एक निमुळती, किंचित पिवळट टोपी होती. त्या तिघांची टोकं बोथट होती. बहुधा रोल सुलटा करताना कागद सरकला असेल आणि ती घासली गेली असतील.

"त्या टोपीत काही पेशी असतात," सर सांगू लागले, आणि आता त्यांचा आवाज विद्यार्थ्याला शिकवतानाचा नव्हता, एखाद्या सोबत्याला आपली आवडती गोष्ट दाखवतानाचा होता. "त्या पेशींत पिष्टाचे कण असतात, जड. पेशी कशीही फिरवा, ते घरंगळत जाऊन खालच्या बाजूला बसतात, डब्यातल्या खड्यांसारखे. पेशीला त्यांचा भार लागतो. ज्या बाजूला भार, त्या बाजूला मुळाची वाढ धीमी होते. वरची बाजू वाढत राहते, म्हणून मूळ खाली वाकतं. तुम्ही रोल फिरवून सुलटा केलात तेव्हा सत्तेचाळीस मुळांतले खडे पुन्हा घरंगळले. या तिघांची टोपीच गेली. त्यांच्यात खडे उरले नाहीत. त्यांना वर-खाली काही राहिलंच नाही."

मी ते मूळ हातात धरून बसले होते. इतकंसं ते टोक, जे मी रोज नखानं बाजूला सारत आले. त्याच्या आत कुणीतरी सतत पडत होतं, आणि त्या पडण्यावरून त्याला वाट कळत होती. मी ओरडलेच, "सर, म्हणजे ते आतून ओळखतं!" आणि चारशे माणसांसमोर हसायला लागले, चव्वेचाळीस वर्षांची बाई. पट्टी थरथरली का नाही, मला ठाऊक नाही. माझं लक्ष नव्हतं.

सोमवारी सकाळी गौरी मॅडम आणि मी रोल उलगडत असताना काझी मॅडमचा फोन आला.

"चौदाव्या व्याख्यानाची नोंद विद्यापीठाच्या पत्रावरून रद्द केली आहे," त्या म्हणाल्या. "आणि एक विचारायचं होतं. असा धक्का, जो शिक्षकाच्या चुकीचा असतो, तो पट्टीनं वेगळा कसा ओळखावा, हे आमच्या लोकांना तुमच्याकडून समजून घ्यायचं आहे. येता का एकदा?"

"पट्टीला नाही कळायचं," मी म्हणाले. "माणसाला विचारावं लागेल."

"तेच सांगा त्यांना येऊन. आणि ताई, तुमचा नवा कागद पाठवला आहे. वाचून घ्या."

मी ओले हात पुसले आणि पडदा उघडला. संख्याशास्त्राच्या अकरा नोंदी, जीवरसायनाच्या नऊ, बीजतपासणीच्या आधीच्या दोन. त्याखाली तिसरी, शनिवारच्या तासाची. ती मी दोनदा वाचली.

"मुळाला खाली कुठे आहे हे कसे कळते, ते विद्यार्थिनीस उमजले आहे."

मी गौरी मॅडमना ती मोठ्यानं वाचून दाखवली. मग खालच्या चौकटीत बोट टेकवलं आणि पूर्ण नावानं सही केली.